कानातल्या हेअर सेल परत उगवणं

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया, तिच्यात हेअर सेल नावाच्या पेशी असतात, प्रत्येकीच्या टोकाला बारीक तंतूंचा झुपका असतो, आवाजाने तो हलला की नसेतून मेंदूकडे सिग्नल जातो. माणसाच्या एका कानात जन्मतः साधारण 15,000 च असतात, बस्स! मोठा आवाज, वय, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, कशानेही मेल्या की आपल्यात त्या कायमच्या गेल्या.

कोंबडीत मात्र परत येतात. 1988 च्या सुमाराला कोंबडीची पिल्लं आणि लावे पक्षी यांच्यात हे नक्की दिसलं, हेअर सेलला चिकटून ज्या सपोर्टिंग सेल असतात त्याच विभागून किंवा सरळ रूप बदलून नवीन हेअर सेल बनतात आणि काही आठवड्यांत पक्ष्याला पुन्हा ऐकू यायला लागतं. सपोर्टिंग सेल आपल्याकडेही आहेत, मग घोडं अडतं कुठे? उंदराच्या पिल्लात जन्मानंतर आठवडाभर ही ताकद थोडीफार असते, नंतर जवळजवळ संपते, आणि पिल्लाला ऐकू यायला लागतं बाराव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे कान सुरू व्हायच्या आधीच दुरुस्तीचं दुकान बंद, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं.

ते दुकान पुन्हा उघडायचे मुख्य रस्ते दोन. अ‍ॅटोह1 हे जीन हेअर सेल घडवतं, 2005 मध्ये ते व्हायरसमधून बहिऱ्या केलेल्या गिनीपिगच्या कानात सोडलं तेव्हा नवीन हेअर सेल दिसल्या आणि ऐकण्यातही थोडा फरक पडला. दुसरा नॉच सिग्नल, हा शेजारच्या सेलला 'तू हेअर सेल होऊ नकोस' असं सांगत राहतो, तो औषधाने दाबून 2013 मध्ये प्रौढ उंदरांत थोडं ऐकणं परत आणलं. माणसांत अजून यश नाही, हेअर सेल उगवण्यासाठीच बनवलेलं एफएक्स-322 हे औषध 2023 मध्ये ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सरस ठरलं नाही. नुसती सेल उगवून भागत नाही ना, ती योग्य ओळीत हवी, नस जोडली जायला हवी, आणि सपोर्टिंग सेल वापरून टाकल्या तर त्यांचं काम कोण करणार.

2024 मध्ये जीन थेरपीने जन्मतः बहिरी मुलं ऐकायला लागल्याच्या बातम्या आल्या त्या याच्यातल्या नव्हेत, तिथे हेअर सेलचा सिग्नल नसेकडे पोचवायला लागणारं ओटोफर्लिन नावाचं प्रोटीन बनत नव्हतं, हेअर सेल जागेवरच होत्या.