अडगळीचा ऐवज

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधल्या एखाद्या जुन्या खेळाडूच्या गावात डोकावलं, की जाणकाराची नजर आधी तोफांवर जात नाही. ती कडेला उभ्या असलेल्या ख्रिसमसच्या झाडांवर जाते. 2012 चं आहे का? असलं तर हा गडी पहिल्या हिवाळ्यापासून खेळतोय, आणि हात कितीही शिवशिवले तरी त्याने ते झाड तोडलेलं नाही. हल्ल्यात त्याचा उपयोग शून्य, बचावातही शून्य. आणि नुसतं ते झाड आज दुकानात कितीही पैसे मोजून मिळत नाही.

गेमच्या हिशेबात मात्र हे झाड सजावट नव्हतंच. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने 2 ऑगस्ट 2012 रोजी आयओएसवर गेम आणला. (अँड्रॉइडवाल्यांना ऑक्टोबर 2013 पर्यंत थांबावं लागलं, त्यामुळे तिथे श्रीगणेशा केलेल्यांच्या गावात 2012 चं झाड असूच शकत नाही.) सजावटीसाठी दुकानात वेगळा कप्पा होता. झेंडे, मशाली असला माल. मोजा आणि लावा. कोणालाही मिळणारी गोष्ट कोण कशाला जपेल? त्या कप्प्याकडे बहुतेकांनी एकदा कौतुकाने पाहिलं आणि जेम्स, म्हणजे पैशांनीही घेता येणारं गेममधलं चलन, बिल्डरसाठी (बांधकाम करणाऱ्या कामगारासाठी) राखून ठेवले.

ख्रिसमसचं झाड आलं ते 'ऑब्स्टॅकल' म्हणून. म्हणजे झुडपं, ओंडके, दगड, अळंबी यांच्या रांगेत. दर 8 तासांनी गावात नवं काहीतरी उगवतं, बिल्डरला कामाला लावून ते साफ करायचं आणि बदल्यात 0 ते 6 जेम्स खिशात टाकायचे, असा तो साधा व्यवहार. गेम सांगत होता, तोडा. खेळाडूंनी ऐकलं नाही. दर डिसेंबरला झाडाचं रूप बदलतं आणि गेलेल्या वर्षाचं झाड परत येत नाही, हे लक्षात आल्यावर जपणूक सुरू झाली. काहींनी तर सुरुवातीचे दगडसुद्धा राखले, कारण झुडपं पुन्हा उगवतात, दगड एकदा फोडला की गेला.

यात खरी मेख जागेची होती. ऑब्स्टॅकल हलवता येत नसे. झाड भलत्या जागी उगवलं, तर तटबंदी त्याला वळसा घालून बांधायची, नाहीतर ते तोडायचं. कित्येकांचे बेस वर्षानुवर्षं एका झाडाभोवती वाकडे राहिले. पुढे ऑब्स्टॅकल हलवणारं फावडं आलं, तेही एका वेळी एकच ऑब्स्टॅकल हलवणारं. ऑक्टोबर 2018 पासून क्लॅन वॉर लीग, म्हणजे खेळाडूंच्या गटांमधल्या स्पर्धा, सुरू झाल्या. त्यात कमावलेल्या पदकांवर हे फावडं घेता येऊ लागलं. लढून मिळवलेली पदकं लोक बिनकामाचं झाड चार घरं पलीकडे न्यायला खर्च करायला लागले, तेव्हा कंपनीच्याही काहीतरी ध्यानात आलं असणार. हा अर्थात माझा तर्क.

तसा हा धडा हेलसिंकीला नवा नव्हता. 2000 साली त्याच शहरात हॅबो हॉटेल हे ऑनलाइन विश्व जन्माला आलं होतं. चौकोनी बाहुल्या, गप्पांच्या खोल्या आणि खऱ्या पैशांनी घ्यायचं खोटं फर्निचर. थोडे दिवसच विक्रीला ठेवलेल्या वस्तूंना तिथे 'रेअर' म्हणत आणि त्यांच्या अदलाबदलीवर एक अख्खा बाजार चाले. 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये 17 वर्षांच्या एका मुलाला हॅबोतलं फर्निचर चोरल्याच्या आरोपाखाली अटक झाली; त्या फर्निचरची किंमत सुमारे 4,000 युरो धरली गेली होती. आणखी एक उदाहरण टीम फोर्ट्रेस 2 या नेमबाजीच्या गेममधल्या टोप्यांचं. मे 2009 मध्ये त्या आल्या तेव्हा विकत मिळत नव्हत्या. खेळता खेळता नशिबाने हाती पडायच्या. त्यांचं वेड लागल्यावर, 2010 मध्ये, दुकान उघडलं. आधी दुर्मीळ, मग विक्रीला. याउलट 2006 मध्ये ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं नुसतं दिखाऊ चिलखत थेट अडीच डॉलरला विकायला काढलं, तर लोकांनी कंपनीची इतकी टर उडवली की तो किस्सा अजून निघतो.

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये ते वळण एप्रिल 2019 मध्ये आलं. गोल्ड पास, म्हणजे महिन्याभराच्या जादा बक्षिसांचा विकतचा परवाना, सुरू झाला, किंमत 4.99 डॉलर, आणि शेवटच्या बक्षिसात बार्बेरियन किंग या लढवय्या राजाची ग्लॅडिएटर स्किन. राजा तोच, ताकद तीच, वेश नवा. पण नुसता पास घेऊन भागत नसे. महिनाभर आव्हानं पूर्ण करत शेवटपर्यंत जावं लागे. माझ्या मते कसब होतं ते यातच: पैसे घ्यायचे, पण मिळालेली वस्तू कमावल्यासारखी वाटली पाहिजे. पहिल्या काही महिन्यांच्या स्किन ज्यांच्याकडे आहेत, ते त्या झाडांइतक्याच तोऱ्यात मिरवतात. मग सीनरी आल्या. त्या घेतल्या की गावाचा सगळा परिसर आणि संगीत बदलतं. इथे मात्र आडपडदा नव्हता. बहुतेक सीनरी सरळ पैसे देऊन घ्यायच्या.

याने खेळ बिघडला असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. जेम्स ओतून महिन्यांचं अपग्रेड क्षणात उरकणारा खेळाडू समोर उभा राहण्यापेक्षा जांभळ्या झग्याची स्किन घातलेली तिरंदाज राणी परवडली. तिचा बाण काही जास्त लागत नाही. खटकतं ते वेगळंच. 'मर्यादित काळ' म्हणून विकलेली स्किन पुढे कधीतरी दुकानात पुन्हा दिसते आणि धावपळ करून घेणाऱ्याचं तोंड पडतं. झाडांच्या बाबतीत ही लबाडी झालेली नाही. 2012 चं झाड 2012 मध्येच मिळालं.

म्हणूनच जुन्या झाडांपायी आख्खं अकाउंट विकत घेणारेही निघाले. झाड सुटं विकता येत नाही, भेट देता येत नाही, त्यामुळे दुसरा रस्ताच नाही. सुपरसेलच्या नियमांत अकाउंटच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. गावातलं काहीच खेळाडूच्या मालकीचं नसतं, त्याला फक्त वापराची परवानगी असते. व्यवहार उघडकीला आला तर अकाउंट कायमचं बंद होऊ शकतं, झाडांसकट.