‘डर्थ’ म्हणजे वानवा, ‘शॉर्टेज’ म्हणजे तुटवडा

शब्दकोशात दोन्हींपुढे ‘कमतरता’ असंच लिहिलेलं सापडतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत आपण कांद्याचा तुटवडा म्हणतो, पण चांगल्या शिक्षकांची वानवा म्हणतो. ‘शॉर्टेज’ आणि ‘डर्थ’ यांतही जवळपास हाच फरक आहे.

शॉर्टेजला हिशेब लागतो. गरज इतकी, हाताशी इतकं, मधली तूट म्हणजे शॉर्टेज. गोदामात शंभर पोती हवीत आणि मोजल्यावर ब्याण्णव भरली, तर आठ पोत्यांचं शॉर्टेज. म्हणून ‘अ शॉर्टेज ऑफ फॉर्टी नर्सेस’ हे बिनचूक इंग्रजी आहे, पण ‘अ डर्थ ऑफ फॉर्टी नर्सेस’ कुणी म्हणत नाही. डर्थला आकडा चिकटत नाही. ‘किती कमी?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत असेल, तर शॉर्टेजच वापरा.

डर्थची घडण मराठी माणसाला चटकन कळावी अशी आहे. ‘डिअर’ म्हणजे लाडका, तसाच महागही; आपल्या महागाई भत्त्याच्या इंग्रजी नावातला ‘डिअरनेस’ तो हाच. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, तसं ‘डिअर’पासून ‘डर्थ’. म्हणजे मुळात शब्दशः महागाईच! धान्य कमी पडलं की महागतं, त्यातून अर्थ दुष्काळाकडे गेला. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये योसेफाच्या गोष्टीतल्या सात दुष्काळी वर्षांना हाच शब्द आहे. पुढे तो कुठल्याही हव्याशा गोष्टीच्या उणिवेला लागू झाला. आपल्याकडे ‘दुर्भिक्ष’ असंच सरकलं. मूळ अर्थ भिक्षा मिळणं कठीण, आणि आता आपण कार्यकर्त्यांचं दुर्भिक्षही म्हणतो.

या इतिहासामुळे डर्थला अजून थोडं वजन आहे. पुरावे, माहिती, गुणी माणसं, नव्या कल्पना यांच्याशी तो शोभतो. ‘अ डर्थ ऑफ अनियन्स’ व्याकरणात बसतं, पण बाजाराच्या बातमीत जड वाटतं. आणि नको असलेल्या गोष्टीला तो लावत नाहीत: अपघात कमी झाले तर ‘डर्थ ऑफ ॲक्सिडेंट्स’ नव्हे, जशी आपण अपघातांची वानवा म्हणत नाही. शिवाय डर्थ म्हणजे फार थोडं, शून्य नव्हे. काहीच नसेल तर ‘ॲब्सेन्स’ म्हणावं.

वाक्यात बसवताना चुका ठरावीक होतात. ‘वॉटर शॉर्टेज’ चालतं, ‘वॉटर डर्थ’ नाही. डर्थ नामाच्या पाठीला जोडत नाहीत, त्याच्यानंतर ‘ऑफ’ येतो. ‘डर्थ फॉर’ किंवा ‘डर्थ इन टीचर्स’ चूक. आधीचा ‘अ’ विसरू नये. शॉर्टेजचं अनेकवचन सर्रास होतं, डर्थचं जवळजवळ नाही. सगळ्यात जास्त अडखळायला होतं क्रियापदाशी. ‘देअर आर अ डर्थ ऑफ डॉक्टर्स’ असं लिहिलं जातं, कारण जवळचा ‘डॉक्टर्स’ कानाला ओढतो, आणि ‘अ नंबर ऑफ डॉक्टर्स’पुढे ‘आर’ येतो हेही डोक्यात असतं. पण इथे उणीव एक आहे, म्हणून ‘देअर इज’.

‘स्केअर्सिटी’ म्हणजे टंचाई, तिला या दोघांत ओढू नये. अर्थशास्त्रात ती कायमची स्थिती: गरजा अमर्याद, साधनं मर्यादित. शॉर्टेज मात्र सरकारने भाव खाली बांधून ठेवला की उद्भवतं आणि भाव मोकळा सोडला की ओसरू शकतं. महाराष्ट्राने १९६३मध्ये कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ हा शब्दच काढला आणि त्याजागी ‘स्केअर्सिटी’ आणला. सरकारी कचेरीतली ‘टंचाई’ ती ही कायद्यातली स्केअर्सिटी. तेव्हा पाणीटंचाईच्या आराखड्याचं भाषांतर करताना ‘डर्थ’ लिहू नये.

उच्चार ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी, त्याच्या आधी ड. ‘डिअर्थ’ नव्हे. शेवटचा थ जिभेचं टोक दातांमध्ये धरून, नुसत्या हवेने. घाईत मधला लांब स्वर आखूड झाला तर ऐकणाऱ्याला ‘डेथ’ ऐकू येतं.