मिलीमीटरचा हिशोब आणि दिल्लीची अधिसूचना

ऑस्ट्रेलियातला गव्हाचा शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठ्ठा ट्रॅक्टर, दोन-चार हजार हेक्टर रान आणि ढिगाने पैसा येतो. ट्रॅक्टर आणि रान खरं आहे, पैशाचं मात्र आपल्यासारखंच, सगळं पावसाच्या हातात. तिथला जवळपास सगळा गहू कोरडवाहू. हमीभाव नाही, आपल्यासारखा सरकारने हप्ता भरलेला पीकविमा नाही, आणि बरं वर्ष असेल तर दोन-तृतीयांशाहून जास्त गहू परदेशातच विकायचा असतो, म्हणजे भाव ठरवणार रशिया आणि अर्जेंटिना, गिऱ्हाईक इंडोनेशिया आणि जपान. आणि वर्षाचा पाऊस 300-350 मिलीमीटर असलेल्या भागातही लोक बिनधास्त गहू पेरतात, आपल्याकडे सांगोला-आटपाडीवालेसुद्धा दोनदा विचार करतील.

आता गंमत बघा. सीएसआयआरओ ही तिथली सरकारी संशोधन संस्था, तिच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये एक अभ्यास छापला. 1990 ते 2015 या काळात पाऊस कमी होत गेला आणि उष्णता वाढली, त्यामुळे सगळं अगदी परफेक्ट केलं तरी जास्तीत जास्त जेवढा गहू निघू शकला असता ती मर्यादाच 27 टक्क्यांनी खाली आली, हेक्टरी साधारण 4.4 टनांवरून 3.2 टनांवर. पण शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडणारं उत्पन्न काही घसरलं नाही, ते जागच्या जागी राहिलं. म्हणजे छप्पर खाली येत होतं आणि हे लोक खालून वर सरकत होते, आधी शक्य उत्पन्नाच्या 38 टक्के काढायचे ते 55 टक्क्यांवर गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार पंचवीस वर्षं काहीच प्रगती नाही. खरं तर पळापळ चालू होती.

ही पळापळ कशी झाली ते समजायला एक सोप्पं गणित आहे. 1984 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्रेंच आणि शुल्ट्झ या आडनावांच्या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. हंगामात जेवढा पाऊस पडला त्यातून 110 मिलीमीटर वजा करा, तेवढं पाणी मातीतून नुसतंच वाफ होऊन उडतं. उरलेल्या प्रत्येक मिलीमीटरमागे हेक्टरी 20 किलो गहू यायला पाहिजे. 250 मिलीमीटर पाऊस झाला तर 140 गुणिले 20, म्हणजे 2800 किलो, आपल्या भाषेत एकरी 11 क्विंटल. आता समजा तुमच्याकडे 7 क्विंटलच आले, तर पावसाला शिव्या देण्यात अर्थ नाही, पाणी होतं पण पिकाने ते वापरलंच नाही, मग मुळं सडली का, नत्र कमी पडलं का, पेरणी उशिरा झाली का हे शोधायचं. पुढे या गणितात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण शेतकऱ्याच्या डोक्यात ‘पाऊस किती पडला’ऐवजी ‘पडलेल्या पावसाचं मी काय केलं’ हा प्रश्न बसला, तो या गणितामुळेच.

मुळांचं उत्तर बेवडात, म्हणजे पीक आलटूनपालटून घेण्यात, सापडलं. गव्हावर गहू घेतला की मुळं खाणारी बुरशी जमिनीत मुक्काम ठोकते, मध्ये एखाद वर्ष कॅनोला (आपल्या मोहरीचीच जात) किंवा कडधान्य घेतलं की ती उपाशी मरते आणि पुढच्या वर्षीचा गहू तेवढ्याच पावसात जास्त खोल मुळं सोडतो. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे माहीत असतं, फक्त त्याने कधी मिलीमीटरमध्ये मोजलेलं नसतं.

मग आली ओल साठवायची गोष्ट. न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग आणि क्वीन्सलँड इथे मराठवाड्यासारखीच काळी, भेगाळणारी चिकणमाती आहे, पाऊस उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी) पडतो आणि गहू-हरभरा हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर येतो, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीचंच तंत्र. तिथला शेतकरी पेरणीआधी एक काम करतो. टोकाला छोटी लोखंडी गोळी बसवलेली, वर आडवी मूठ असलेली सळई घेतो आणि अंगाचा भार टाकून जमिनीत दाबतो. ओल्या मातीत सळई जाते, कोरडी लागली की टक्कन थांबते. किती खोल गेली ते बघून आत किती पाणी आहे याचा अंदाज येतो, आणि त्यावरून पेरायचं की रान तसंच पडीक ठेवून पुढच्या हंगामासाठी पाणी जमवायचं हे ठरतं. कोट्यवधींची मशिनरी शेडमध्ये उभी आणि निर्णय एका सळईवर, मला हे फार आवडतं.

ही खोलवरची ओल किती मोलाची? सीएसआयआरओचेच जॉन किर्कगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात मोजलं, तर फुलोऱ्यानंतर दाणा भरताना खालच्या थरातून पिकाला मिळालेल्या एकेका मिलीमीटरमागे हेक्टरी जवळपास 59 किलो दाणा वाढला, म्हणजे वरच्या 20 किलोच्या हिशोबाच्या तिप्पट. कारण सोपं आहे, तोवर पानं-काड्या वाढून झालेल्या असतात, नवीन पाणी सरळ दाण्यात जातं. म्हणून तर हे लोक मोकळ्या रानातलं तणसुद्धा सोडत नाहीत, कारण उन्हाळ्यात उगवलेलं तण म्हणजे हिवाळ्यातला दाणा पिऊन टाकणारं चोर. नांगरट जवळजवळ बंद, धसकटं तशीच उभी, त्यातूनच अरुंद फाळाचं पेरणीयंत्र फिरतं आणि माती कमीत कमी हलते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात वेगळंच. तिथे रेताड जमीन, पाऊस हिवाळ्याचा, आणि 1970 पासून मे ते ऑक्टोबरचा पाऊस 15 टक्क्यांच्या आसपास घटलाय. पहिल्या पावसाची वाट बघत बसलं तर एवढं मोठं रान पेरून होत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सरळ धूळपेरणी करतात. पाऊस नीट आला तर पीक आठवडे पुढे, अर्धवट शिडकावा झाला तर कोंब येऊन करपतो. मग एक विचार आला, बी आणखी खोल, ओलीपर्यंत का टाकू नये? हरभऱ्याला हे जमतं, त्याच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो, 15 सेंटीमीटरवरूनसुद्धा. गव्हाला नाही जमत, आणि त्याला कारण हरितक्रांती! गहू बुटका करणाऱ्या जीन्सनी ताटाबरोबर कोंबाचं आवरणही आखूड केलं, सात-आठ सेंटीमीटरच्या खाली टाकलं की पान मातीतच चुरगळतं. आता दुसरे बुटकेपणाचे जीन्स वापरून लांब आवरणाचा गहू तयार होतोय, तो दहा-बारा सेंटीमीटरवरून वर येतो. तसं दुष्काळाशी झुंजायला ऑस्ट्रेलियाने भारताकडून आधीच एक उसनवारी केलेली आहे, गव्हाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या विल्यम फॅररने 1901 मध्ये आणलेल्या ‘फेडरेशन’ या प्रसिद्ध गव्हात आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटावाच्या लवकर येणाऱ्या गव्हाचं रक्त आहे.

एवढं करूनही वाईट वर्ष येतंच. 2018-19 मध्ये देशाचा पूर्व भाग होरपळला, पश्चिमेचं धान्य जहाजांनी पूर्वेला नेलं आणि 2019 मध्ये चक्क कॅनडातून गहू आणला. सरकारचं धोरण 1992 पासून असं की दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती नाही, धंद्यातली जोखीम आहे, तुमची तुम्ही सांभाळा. त्यासाठी एक खातं मात्र दिलंय, चांगल्या वर्षातला नफा त्यात टाकायचा, त्या वर्षी त्यावर टॅक्स नाही, वाईट वर्षी काढायचा तेव्हा टॅक्स, आणि त्या वर्षी कमाईच नसल्याने टॅक्सही थोडका. साधी आयडिया आहे, आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला टॅक्सच नाही त्यामुळे तशीच्या तशी उचलता येणार नाही.

बाजाराचं काय? 2008 पर्यंत निर्यातीचा गहू एकाच संस्थेमार्फत विकला जायचा, ती पद्धत गेली आणि भावाची जोखीम थेट शेतकऱ्याच्या अंगावर आली. त्याच सुमारास रशिया-युक्रेनचा स्वस्त गहू आग्नेय आशियात घुसायला लागला. ऑस्ट्रेलियाकडे जवळीक आहे, जहाजभाडं कमी, पण तेवढ्यावर भागत नाही. मग क्वालिटी. जपान्यांना उदोन नूडल मऊ आणि लवचिक लागते, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या काही गव्हांत स्टार्च बनवणाऱ्या जीन्सपैकी एक निकामी आहे, त्यामुळे अमायलोज हा स्टार्चमधला एक घटक कमी पडतो, स्टार्च जास्त फुगतो आणि नूडल बरोब्बर तशी होते. बिघडलेल्या जीनवर प्रीमियम भाव!

पण क्वालिटीसुद्धा आयात शुल्कापुढे हात टेकते. मे 2020 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर 80.5 टक्के शुल्क लावलं, ते 2023 च्या ऑगस्टमध्ये काढलं. आणि हरभऱ्याच्या बाबतीत तो चीन म्हणजे आपण. आपल्याकडे भाव पडले म्हणून दिल्लीने अधिसूचना काढून डिसेंबर 2017 मध्ये हरभऱ्यावर 30 टक्के आयात शुल्क लावलं, मग 40, मार्च 2018 पर्यंत 60 टक्के. तिकडे नुकतीच कापणी उरकलेली. लातूरच्या शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर शुल्क लावणं बरोबरच होतं, मी तरी विरोध केला नसता. मग मे 2024 मध्ये आपल्याकडे हरभरा महागला म्हणून शुल्क शून्य, ते नेमकं त्यांच्या पेरणीच्या तोंडावर, त्यामुळे तिकडे पेरा एकदम फुगला. एप्रिल 2025 पासून पुन्हा 10 टक्के.

यावर सळई चालत नाही. थांबून भाव बघू म्हणावं तर गहू सायलोत (धान्याच्या उंच कोठारात) वर्षभर नीट राहतो, हरभऱ्याचं तसं नाही, गरमीत साठवला की त्याचं साल हळूहळू काळपट पडतं, आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला रंग उजळच लागतो.