फर्माचा अंदाज आणि ६४१

४,२९,४९,६७,२९७. दोनचा ३२वा घात घ्या, त्यात १ मिळवा, की ही संख्या तयार होते. एखादी गोष्ट चार-पाच वेळा जुळली की आपण लगेच ‘नियमच आहे’ म्हणून मोकळे होतो. त्यावर माझ्या मते हिच्याइतका चांगला उतारा दुसरा नाही.

फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये दोनचे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेतले आणि प्रत्येकात १ मिळवला. मिळाल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या! या रांगेतल्या पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असं त्याला वाटलं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. रांगेतली सहावी संख्या म्हणजे आपली ही.

ती मूळ आहे का, हे सरळ तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. त्या आहेत ६,५४२. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये जाहीर केलं की हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. बहुतेक उमेदवार न भागताच कसे बाद होतात, हेही त्याने पुढे सिद्ध केलं. खरी गंमत तिथेच आहे.

समजा, प ही मूळ संख्या हिला भागते. मग दोनच्या ३२व्या घाताला प ने पूर्ण भाग जायला फक्त १ कमी पडतो, म्हणजे बाकी उणे १ मानता येते. वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. म्हणजे दोनचे घात घेत गेलो तर बाक्यांचं चक्र ६४ पायऱ्यांनी पूर्ण होतं. त्याआधी नाही, कारण ६४ चा लहान विभाजक ३२ लाही भागतो आणि मग तिथेही बाकी १ आली असती. आता फर्माचंच एक प्रमेय सांगतं की दोनच्या (प − १)व्या घाताची बाकी १ असते. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. असे मूळ उमेदवार क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! ज्या हत्याराने फर्माचा अंदाज पडला, ते त्याचंच होतं.

प्रत्यक्ष भागाकाराचीही गरज नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २⁷ ची बाकी उणे १, चौथा घात केला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी उणे २⁴ लिहा. झालं, २³² ची बाकी उणे १. दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळ.

अंकशास्त्रवाल्यांना या संख्येतही भाग्य दिसेल. अंकांची बेरीज ५९, पुढे १४, पुढे ५. पण ही ५ म्हणजे नऊने भागल्यावरची बाकी, बस्स. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत हीच संख्या १, मग ३१ शून्यं, मग १ अशी लिहितात. तिथे बेरीज २. भविष्यही बदलायचं का?

फर्माच्या रांगेत घाताच्या जागी दोनचा पाचवा घात ठेवला की आपली संख्या येते. त्या जागी दोनचा पाचवा ते बत्तिसावा घात ठेवून मिळणारी एकही संख्या मूळ नाही, हे आता ठाऊक आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या घाताच्या संख्यांचा तर एकही अवयव अजून हाती लागलेला नाही. तेहतिसाव्या घाताची संख्या अडीच अब्जांहून जास्त अंकांची आहे, आणि ती मूळ आहे की नाही हे अजून कोणालाच ठरवता आलेलं नाही.