सेव्हन्थ स्ट्रीट की सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू? फिनिक्समध्ये पत्ता सांगताना

"काका, मी 44ला उभा आहे. तुम्ही कुठे आहात?"

"अरे, मीपण 44लाच आहे!"

जून महिना, दुपारचे तीन, बाहेर 43 अंश. काका-काकू पुण्याहून नुकतेच अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला उतरले होते आणि माझा मित्र त्यांना घ्यायला गेला होता. दोघंही खरं बोलत होते. काका 44वी स्ट्रीट आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावर, विमानतळाच्या स्काय ट्रेनच्या स्टेशनात बसले होते. मित्राने फोनमध्ये 44 टाकलं, वर आलेला पहिला पर्याय दाबला आणि तो 44व्या अ‍ॅव्हेन्यूवर पोचला. मध्ये अंतर साधारण 15 किलोमीटर.

या गावात असं प्रत्येकाचं एकदा होतं. न्यू जर्सीहून इथे बदली होऊन आलेल्यांचं तर दोनदा होतं, कारण त्यांच्या डोक्यात मॅनहॅटन पक्कं बसलेलं असतं. तिथे अ‍ॅव्हेन्यू उत्तर-दक्षिण, स्ट्रीट पूर्व-पश्चिम. एक उभी रेघ, एक आडवी, आणि दोघींचा छेद म्हणजे पत्ता. फिनिक्समध्ये आकड्याची स्ट्रीटही उभी आणि आकड्याचा अ‍ॅव्हेन्यूही उभाच. त्यामुळे 7वी स्ट्रीट आणि 7वा अ‍ॅव्हेन्यू एकमेकांना कधीच छेदत नाहीत. एक मैल अंतर राखून समांतर धावतात.

मुंबईकराला हे समजवायला मला अर्धं मिनिट लागतं. गावाच्या मधून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू जातो, तो म्हणजे दादरची रेल्वे लाइन. त्याच्या पूर्वेला आकड्यांच्या स्ट्रीट, पश्चिमेला आकड्यांचे अ‍ॅव्हेन्यू. दोन्हीकडे मोजणी सेंट्रलपासूनच सुरू होते, एक, दोन, तीन करत विरुद्ध दिशांना. "दादरला ये" एवढंच सांगून कोणी फोन ठेवत नाही, ईस्ट की वेस्ट ते सांगावंच लागतं. तसंच इथे नुसतं "44ला ये" म्हणणं म्हणजे अर्धा पत्ता. गंमत म्हणजे सेंट्रलच्या बऱ्याच भागात मधोमध खरोखरच ट्रेनचे रूळ आहेत. 2008च्या डिसेंबरात इथली लाइट रेल सुरू झाली. फरक एवढाच की सेंट्रल ओलांडायला टिळक ब्रिज लागत नाही, सिग्नल पुरतो.

ही विभागणी छोट्या गल्ल्यांनाही लागू आहे. पूर्वेच्या आकड्यांना स्ट्रीटशिवाय 'प्लेस' आणि 'वे' जोडलेले दिसतात, पश्चिमेच्या आकड्यांना 'ड्राइव्ह' आणि 'लेन'. घराच्या नंबरातही तेच: पत्त्यात 4400 ईस्ट असेल तर ते घर 44व्या स्ट्रीटपाशी, 4400 वेस्ट असेल तर 44व्या अ‍ॅव्हेन्यूपाशी. म्हणजे ईस्ट-वेस्ट हा शब्द पत्त्यात लिहिलेला असतो. आपण तो वाचत नाही, आकडा वाचतो.

एक मात्र सांभाळा. हा नियम फक्त आकड्यांच्या रस्त्यांचा. नावाचे रस्ते तो पाळत नाहीत. वॉशिंग्टन स्ट्रीट, जेफरसन स्ट्रीट, व्हॅन ब्युरेन स्ट्रीट आडव्या. ग्लेनडेल अ‍ॅव्हेन्यू, नॉर्दर्न अ‍ॅव्हेन्यूही आडवेच. त्यामुळे ग्लेनडेल गावात 59वा अ‍ॅव्हेन्यू आणि ग्लेनडेल अ‍ॅव्हेन्यू यांचा चौक आहे, अ‍ॅव्हेन्यू छेद अ‍ॅव्हेन्यू. आणि शेजारच्या मेसा गावाला गेलात तर हे सगळं विसरा, त्यांची मोजणी वेगळी.

बोर्डावरचं अक्षर वाचायच्या आत आपण कुठल्या बाजूला आहोत हे ओळखायची एक खूण मला दोन वर्षांनी सापडली. इथे दर मैलाला एक मोठा रस्ता येतो. पूर्वेला ते आहेत 7, 16, 24, 32, 40, 48. पश्चिमेला 7, 19, 27, 35, 43, 51, 59. सात सोडला तर मोठे आकडे पूर्वेला सम, पश्चिमेला विषम. सहा पदरी रस्त्यावरच्या मोठ्या सिग्नलला 35 दिसलं की तो अ‍ॅव्हेन्यूच. माझ्या मित्राने रस्त्यात लागलेला 43चा चौक बघून तेव्हाच गाडी फिरवायला हवी होती.

ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत, त्यांच्यासाठी घरी बनवलेली ओळ: सूर्य स्ट्रीटवर उगवतो आणि अ‍ॅव्हेन्यूवर मावळतो. वाळवंटातल्या गावात ही नुसती पाठांतराची युक्ती राहत नाही. मुख्य रस्ते पट्टीने आखल्यासारखे दिशांना धरून आहेत. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य कॅमलबॅक रोडच्या किंवा मॅकडॉवेल रोडच्या अगदी टोकावर येऊन बसतो, जणू पुढचा सिग्नल तोच. ढग बहुधा नसतातच. आता हिशोब करा. अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला राहणारा माणूस सकाळी डाउनटाउनला निघतो तो पूर्वेकडे, सूर्य डोळ्यांत. संध्याकाळी परततो पश्चिमेकडे, पुन्हा सूर्य डोळ्यांत. स्ट्रीटच्या बाजूला राहणाऱ्याच्या दोन्ही वेळा सूर्य पाठीला. घर बघताना सगळे शाळा बघतात, पोहण्याचा तलाव बघतात. हे कोणी बघत नाही. मी पश्चिमेला राहतो. माझ्या गाडीत गॉगलच्या तीन जोड्या आहेत आणि उन्हाळ्यात तापलेलं स्टीअरिंग धरायला ओव्हनचा हातमोजा आहे, पण तो दोन्ही बाजूंच्या लोकांना लागतो.

आता त्या सोडून दिलेल्या सातबद्दल, कारण खरी जुळी भावंडं तीच. सेव्हन्थ स्ट्रीट आणि सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू दोन्ही मोठे, दोन्ही डाउनटाउनला चिकटून, आणि मॅकडॉवेल रोडच्या उत्तरेला दोन्हींवर एक चमत्कारिक मधली लेन आहे. एरवी ती डावीकडे वळणाऱ्यांची. (इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या वळणासारखं समजा.) पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 9 ती दक्षिणेकडे, डाउनटाउनला जाणाऱ्या गाड्यांची होते आणि दुपारी 4 ते 6 उत्तरेकडे, घरी परतणाऱ्यांची. त्या वेळात मोठ्या सिग्नलना डावं वळण बंद. हे सगळं वर टांगलेल्या पाटीवर लिहिलेलं असतं, वाचायला मिळतात तीन सेकंद. पावणेनऊला जी लेन समोरून येणाऱ्यांची, सव्वानऊला तिच्यातच तुम्ही इंडिकेटर लावून निवांत थांबलेले असता. घड्याळ पुढेमागे असेल तर काय होतं ते इथल्या लोकांनी ठेवलेल्या नावावरून कळतं: सुइसाइड लेन. ऑफिसातल्या एका जुन्या फिनिक्सकराला मी विचारलं की तुम्ही ही कशी वापरता. म्हणाला, तीस वर्षांत वापरलेली नाही.

बरं, फ्रीवेवरून यावं तर तिथेही जुळ्यांची गाठ पडते. आय-10वरून पूर्वेकडे येताना आधी सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूची एक्झिट, मग जेमतेम अर्ध्या मैलाचा डेक पार्क बोगदा, मग लगेच सेव्हन्थ स्ट्रीटची एक्झिट. वर बाग आहे, आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू आपल्या डोक्यावरून जातो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंतचा हा आय-10 सगळ्यात शेवटी इथेच जोडला गेला, ऑगस्ट 1990मध्ये. अख्खा देश ओलांडणारा हमरस्ता पूर्ण झाला तो दोन सातांच्या मधे. आत शिरल्यावर पहिला विचार येतो, वा, फिनिक्समधली सगळ्यात मोठी सावली! दुसरा विचार येतो की आपली एक्झिट मागे राहिली. पश्चिमेकडे जाताना क्रम उलटा, म्हणून पाहुण्यांना "बोगद्याच्या आधी उतरा" असं कधीही सांगू नका. ते कुठून येताहेत ते आधी विचारा.

काका-काकू घरी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. मित्राने पाणी प्यायच्या आधीच स्ट्रीट आणि अ‍ॅव्हेन्यूचं व्याख्यान सुरू केलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरीतली तीस वर्षं त्यांनी डोंबिवलीत काढली आहेत.

"म्हणजे मी ईस्टला होतो," ते म्हणाले. "मग फोनवर तेवढंच विचारायचं ना."