महिनेवारी किरायाची नोटीस (ग्रामीण विदर्भ)

मुदत ठरलेली नाही, दर महिन्याला किराया द्यायचा अन् राहायचं, अशी घराची किंवा दुकानाची भाडेदारी संपवायच्या आधी मालकानं किरायदाराला नाहीतर किरायदारानं मालकाला जी लेखी सूचना द्यावी लागते ती ही नोटीस. दोन्ही बाजूंना लागू आहे, हे आधी ध्यानात घ्या, कारण आपल्याकडे नोटीस म्हटलं की मालकानंच द्यायची असा समज पक्का बसलाय.

विदर्भातल्या खेड्यात अन् तालुक्याच्या गावी किरायानं राहणारे म्हणजे बहुतेक झेडपीचे मास्तर, ग्रामसेवक, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, आयटीआयचे पोरं, वणी-घुग्गुसकडे कोळसा खाणीवरचे कामगार. व्यवहार सगळा तोंडी. बदलीची ऑर्डर निघाली की "काकाजी, या महिन्याअखेर खोली सोडतो" एवढं सांगायचं, शेवटचा किराया डिपॉझिटमधून वळता करायचा, लाईट बिल पाहायचं, संपलं. संबंध चांगले असले तर यात काहीच वाईट नाही, पण बिनसलं की कोणी काय कधी सांगितलं याला पुरावाच राहत नाही अन् डिपॉझिट अडकतं ते नेमकं इथंच.

कायदा सांगतो तो मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 106. वेगळा करार, स्थानिक कायदा किंवा रूढी नसेल तर राहायची किंवा दुकानाची भाडेदारी महिनेवारी धरली जाते अन् ती मोडायला 15 दिवसांची नोटीस पुरते. शेती किंवा कारखान्यासाठी घेतलेली जागा वर्षवारी धरतात, तिथं 6 महिने लागतात, पण विदर्भात शेतजमिनीच्या कुळांसाठी 1958 चा वेगळा कायदा आहे, म्हणून ठेक्या-बटईच्या वावराला खोलीचा हिशोब लावू नये. "एक महिना आधी सांगायचं" ही आपल्याकडची पद्धत रूढी म्हणून मांडता येते, पण कोर्टात ती सिद्ध करावी लागते, त्यापेक्षा सुरुवातीलाच एका कागदावर "दोन्हीकडून एक महिना" लिहून सह्या केलेल्या बऱ्या.

नोटीस लेखी पाहिजे, देणाऱ्याची सही पाहिजे, अन् पोस्टानं पाठवावी किंवा हातात द्यावी, माणूस नसला तर त्याच्या घरी घरच्यांकडे किंवा नोकराकडे दिली तरी चालते, तेही जमलं नाही तर जागेवर सहज दिसेल अशी चिकटवावी. नुसत्या व्हॉट्सअॅपवर भरवसा ठेवू नका, पोस्टाची पोचपावती जपून ठेवा. दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून. 2002 च्या दुरुस्तीआधी नोटिशीची मुदत भाडेमहिना जिथं संपतो तिथंच संपावी लागायची अन् एका-दोन दिवसाच्या चुकीनं आख्खी केस पडायची, आता मुदत कमी लिहिली गेली तरी 15 दिवस उलटून गेल्यावर दावा टाकला असेल तर तेवढ्यानं नोटीस बाद होत नाही.

मालकांची नेहमीची चूक म्हणजे नोटिशीची मुदत संपल्यावर पुढच्या महिन्याचा किराया मुकाट घेणं. कलम 113 प्रमाणे त्यावरून नोटीस सोडून दिली असं धरता येतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

आता खरा गुंता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून आहे, पण तो त्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, असलेल्या भागांनाच लागतो, म्हणून आपलं गाव त्यात आहे का हे आधी पाहायचं. असेल तर 15 दिवसांच्या नोटिशीवर किरायदार निघत नाही. मालकाची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, जागेची नासधूस अशी कायद्यातली कारणं लागतात, अन् किराया थकला म्हणून दावा टाकायचा तर मागणीची नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. तिथं भाडेकरार लेखी अन् रजिस्टर करायची जबाबदारीही मालकाचीच. 1999 च्या या कायद्याआधी विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा, त्यात रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मालकाला नोटीससुद्धा काढता येत नव्हती, जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते ती "परमिशन" हीच. लिव्ह अँड लायसन्सचा (नुसत्या राहायच्या परवानगीचा) अकरा महिन्यांचा कागद ही तर भाडेदारीच नाही, त्यात नोटिशीचं जे लिहिलं असेल ते लागू, म्हणून सही करायच्या आधी वाचा.

नोटीस संपली म्हणून मालकानं कुलूप बदलायचं, सामान अंगणात काढायचं, हे चालत नाही. किरायदार निघत नसला तर दिवाणी कोर्टात दावा हाच रस्ता आहे, अन् जबरदस्तीनं काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, मालक कोण हा प्रश्न त्यात आड येत नाही. किरायदारानंही चावी देताना मीटरचं रीडिंग, डिपॉझिटचा हिशोब अन् चावी मिळाल्याची मालकाची सही तारखेसकट घ्यावी, नाहीतर जागा कधी सोडली यावरूनच पुढच्या महिन्याच्या किरायाचा वाद उभा राहतो.