चाळिशीशिवाय वाचलेली अक्षरं

मावशीला पेपर वाचायचा असला की आधी चाळिशी शोधावी लागते. ती बहुधा तिच्याच डोक्यावर असते. लांबचं मात्र तिला स्वच्छ दिसतं. समोरच्या गच्चीवरच्या पापडांवर कावळा उतरला तर तो घरात सगळ्यात आधी तिला दिसतो. दिवाळीत तिचा नातू सॅन होजेहून मिरजेला आला तो पडदावाला स्मार्ट चष्मा घेऊन. घरातल्या प्रत्येकाने तो नाकावर चढवून पाहिला. मावशीची पाळी आली तेव्हा तिने चाळिशी काढून टीपॉयवर ठेवली, चष्मा लावला आणि घडाघडा वाचायला लागली. वेळ, बाहेरचं तापमान, नातवाने मुद्दाम पाठवलेला निरोप.

"अगं मावशी, चाळिशी नाहीये तुझ्या डोळ्यावर," मी म्हटलं.

"मग काय झालं? दिसतंय की."

मला मात्र ते पटेना. हातभर अंतरावरचा पेपर जिला वाचता येत नाही, तिला डोळ्यापासून दोन सेंटिमीटरवरच्या काचेतली अक्षरं कशी वाचता येतात? स्मार्ट चष्म्यात कॅमेरा आहे, एआय आहे, तो बोलतो, हे सगळं ऐकून झालं होतं. खरी करामत या साध्या प्रश्नात दडलेली निघाली.

एक बोट डोळ्यासमोर अगदी पापणीला लागेल इतकं जवळ आणा. नुसता धूसर डाग दिसेल. तरुण डोळ्यालाही साधारण दहा सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही आणि आरामात वाचायला पंचवीस सेंटिमीटर तरी लागतात. जवळच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण डोळ्यापर्यंत येताना बरेच फाकलेले असतात. ते गोळा करून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आणायचे तर डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागतं. वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं, फुगेनासं होतं, आणि आपण चष्मेवाल्याकडे जातो. लांबच्या वस्तूचे किरण मात्र डोळ्याशी येईपर्यंत जवळपास समांतर झालेले असतात, तिथे भिंगाला काही कष्ट नाहीत.

म्हणजे एका डोळ्याला वस्तूचं अंतर थेट कळतच नाही. किरण किती फाकलेत एवढंच त्याच्या भिंगाला जाणवतं. स्मार्ट चष्मा याचाच फायदा घेतो. काडीत बसवलेल्या इवल्याशा पडद्यासमोर भिंगं ठेवून त्याचे किरण आधीच समांतर करून टाकतो. चित्र दोन सेंटिमीटरवरून येतं, पण डोळ्याला ते लांबचं वाटतं. गूगल ग्लास हा असाच एक चष्मा आला तेव्हा कंपनीने त्याचं वर्णन असंच केलं होतं : आठ फुटांवर ठेवलेल्या पंचवीस इंची पडद्यासारखं. मावशी काच वाचत नव्हती, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरची पाटी वाचत होती म्हणा ना. ज्यांना लांबचं दिसत नाही, उणे नंबर आहे, त्यांची गंमत उलटी होते. त्यांना या चष्म्यात स्वतःच्या नंबरची काच बसवून घ्यावीच लागते.

पुढचा प्रश्न असा की अक्षरं दिसावीत आणि पलीकडचं जगही दिसावं, हे एकाच काचेत कसं जमवायचं. रातराणी एसटीत खिडकीशी बसला असाल तर याचं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. आत दिवा लागलेला असतो आणि काचेत आपलाच चेहरा दिसतो, त्या चेहऱ्यातून बाहेरचे ढाब्यांचे दिवे पळत असतात. काच थोडा प्रकाश परत फेकते, उरलेला आरपार सोडते. लंडनच्या रंगमंचावर १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी याच युक्तीने भूत उभं केलं होतं. बातम्या वाचणारी निवेदिका कॅमेऱ्याकडे बघत न अडखळता वाचते तीही अशाच तिरक्या काचेवरून. तेजस विमानाच्या वैमानिकाला मान खाली न घालता वेग आणि उंची दिसते, तो हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संगठनाने घडवलेला आहे.

ही काच डोक्यावर चढवण्याचा उद्योग संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत केला, १९६८ मध्ये. अर्धपारदर्शक आरसे, टीव्हीच्या नळीचीच छोटी भावंडं, आणि हे सगळं जड, छताला टांगलेलं. त्या सांगाड्याला, जुन्या ग्रीक गोष्टीत डोक्यावर लोंबणाऱ्या तलवारीवरून, डॅमोक्लिसची तलवार असं नाव पडलं. लावणाऱ्याला खोलीत अधांतरी तरंगणारा, नुसत्या रेषांनी काढलेला ठोकळा दिसायचा.

छताला टांगलेलं ते ओझं नाकावर पेलेल इतकं हलकं करायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. तिरकी काच जाडी खाते, ही मुख्य अडचण. चित्र मोठं हवं तर आरसा मोठा, आणि आरसा मोठा की चष्म्याची काच भिंगाच्या ठोकळ्याएवढी. गूगल ग्लासच्या उजव्या भुवईपाशी तो ठोकळा सरळ दिसायचाच. आजच्या चष्म्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वेव्हगाइड. मराठीत त्याला प्रकाशाची गल्ली म्हणायला माझी हरकत नाही.

काचेच्या आत शिरलेला किरण काठावर फार तिरका आपटला तर बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. काचेशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून मोजली तर साध्या काचेसाठी ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची. हिऱ्यासाठी ती जेमतेम २४ अंश आहे, म्हणून हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत उड्या मारत राहतो आणि सोनाराच्या दुकानात आपले डोळे दिपतात. चष्म्यात काडीजवळून पडद्याचा प्रकाश मुद्दाम तिरका आत सोडतात. तो काचेच्या दोन पृष्ठांमध्ये इकडून तिकडे आपटत डोळ्यासमोर येतो. तिथे त्याला बाहेर काढायला काचेत अगदी पुसट आरशांची एक रांग पुरलेली असते. प्रत्येक आरसा थोडासाच प्रकाश डोळ्याकडे वळवतो, बाकीचा पुढच्यासाठी सोडतो. पंगतीत वाढपी पहिल्याच पानावर सगळी जिलेबी रिकामी करत नाही, तसं. त्यामुळे चष्मा नाकावर दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी चित्र नाहीसं होत नाही. काही कंपन्या आरशांऐवजी काचेवर नजरेला न दिसणाऱ्या बारीक रेघा कोरतात. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या डोक्यावर चढवायच्या उपकरणात तो मार्ग होता. अशा रेघांची खोड अशी की दिव्याच्या उजेडात त्या कधीकधी सीडीसारखे इंद्रधनुषी पट्टे दाखवतात.

चित्र किती मोठं दिसतं? हात लांब करून मूठ वळा. ती डोळ्यापाशी साधारण दहा अंशांचा कोन करते. फेसबुकवाल्या मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या रे-बॅन डिस्प्ले चष्म्याचा पडदा ६०० बाय ६०० ठिपक्यांचा आहे आणि कोनाच्या दर अंशाला ४२ ठिपके बसतात. भागाकार केला तर बाजू १४ अंशांची, म्हणजे लांबवर धरलेली दीड मूठ. तीही फक्त उजव्या डोळ्यापुढे. उजवा डोळा मिटला की सगळं गायब. निरोगी डोळा दर अंशाला साठेक ठिपके ओळखू शकतो. रोमन अक्षरांचं ४२ मध्ये छान भागतं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. 'र्‍हस्व' नि 'कर्तृत्व' असले शब्द बारीक आकारात आले तर प्रत्येक ठिपका मोलाचा.

दीड मुठीची खिडकी रुंद करायची तर हिऱ्याकडे वळावं लागतं. काचेपेक्षा प्रकाश जास्त वाकवणारा पदार्थ घेतला की अधिक कोनांचे किरण आत कोंडून ठेवता येतात. मेटाने २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात म्हणून सिलिकॉन कार्बाइड या असल्याच पदार्थाच्या काचा होत्या आणि दृश्य सुमारे ७० अंश रुंद. तो विकायला काढला नाही. असल्या काचा बनवणं फार महाग पडतं.

एक गोष्ट मात्र यातला कुठलाच चष्मा दाखवू शकत नाही : काळा रंग. पलीकडून येणाऱ्या प्रकाशात हा पडदा फक्त भर घालतो, वजाबाकी त्याला येत नाही. पडद्यावर काळं म्हणजे प्रकाश नाही, आणि प्रकाश नाही म्हणजे तिथे पलीकडची भिंत दिसणार. सावलीही पाडता येत नाही. जाहिरातीत टेबलावर उभा केलेला भरीव, काळाकुळकुळीत डायनोसॉर दिसला तर तो संगणकावर रंगवलेला आहे असं खुशाल समजा.

भर घालायची म्हटल्यावर उन्हाशी गाठ आली. मे महिन्यात दुपारी मोबाइल वाचायला आपण हाताचा आडोसा करतो. इथे तर पार्श्वभूमीला आकाशच. त्यात वेव्हगाइडच्या वाटेवर पडद्याचा बहुतेक प्रकाश वाया जातो, डोळ्यापर्यंत त्याचा छोटासा अंशच पोचतो. म्हणून मेटाच्या पडद्याची चमक ५,००० निटपर्यंत (निट हे चमक मोजायचं माप) चढते आणि वर काचाही उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या दिल्या आहेत. त्या काळ्या होतात अतिनील किरणांनी. गाडीची पुढची काच हे किरण बरेचसे अडवते, त्यामुळे गाडीत बसल्यावर त्या मनासारख्या काळ्या होत नाहीत.

आता नाकाकडे येऊ, कारण या धंद्यात अंतिम शब्द नाकाचा असतो. साधा चष्मा पंचवीस-तीस ग्रॅमचा. पडदा नसलेला, भारतात २०२५ पासून मिळणारा रे-बॅन मेटा सुमारे ४९ ग्रॅमचा, पडदावाला ६९. होलोलेन्स पाचशे ग्रॅमच्या वर होता, त्याला चष्मा म्हणणं म्हणजे ट्रकला स्कूटर म्हणणं. या ग्रॅमांच्या हिशेबात बॅटरी सगळ्यात आधी कापली जाते. मोबाइलची बॅटरी आज सहज ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. २०२३ च्या रे-बॅन मेटाची १५४. बत्तीसपट फरक. शिवाय जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता, आणि ती थेट कानशिलावर. म्हणून चष्मा स्वतः फारसं डोकं चालवत नाही. "समोर काय लिहिलंय?" असं विचारलं की तो फोटो काढतो, मोबाइलकडे ढकलतो, मोबाइल तो इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवतो, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं कानात येतं. रेंज गेली की अक्कलही गेली.

गोंगाटात तुमचाच आवाज त्याला कसा कळतो? रे-बॅन मेटामध्ये पाच माइक आहेत. दोन काड्यांमध्ये चौदा सेंटिमीटर अंतर धरलं तर बाजूने येणारा आवाज एका माइकवर दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. या उशिरांवरून चिप दिशा ओळखते आणि तोंडाकडून आलेला तेवढा आवाज उचलते. डिस्प्ले चष्म्यासोबत मनगटावर एक पट्टाही मिळतो. चिमूट करताना हाताच्या स्नायूंत उमटणारे विजेचे क्षीण ठोके तो टिपतो, ईसीजीच्या पट्ट्या हृदयाचे टिपतात तसे. हात खिशात ठेवून चिमटी केली तरी चालते. मला या सगळ्या सरंजामातला सगळ्यात नवा भाग हाच वाटला.

कॅमेऱ्याचं दुखणं तंत्राचं नाही, म्हणून ते सुटतही नाही. गूगल ग्लास २०१३ मध्ये १,५०० डॉलरला निवडक लोकांना मिळू लागला आणि समोर बसलेल्या माणसाला कळेना की हा आपल्याशी बोलतोय की आपलं चित्रीकरण करतोय. जानेवारी २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. कारखान्यांसाठीची आवृत्ती २०२३ पर्यंत चालली. आता चित्रीकरण चालू असताना चौकटीवर एक पांढरा दिवा लागतो. दुपारच्या उन्हात तो किती जणांच्या लक्षात येतो, हा वेगळा प्रश्न. हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी २०२४ मध्ये अशाच चष्म्याला चेहरे ओळखणारी संकेतस्थळं जोडून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं शोधून दाखवली. लोकांना सावध करायला केलं, म्हणाले. दुसरीकडे, ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी हाच कॅमेरा औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवतो.

मावशीने चष्मा उतरवला, काड्या मिटल्या आणि डबीत ठेवायला गेली. डबीत चार्जिंगची खाच होती, चष्मा त्यात कुठल्या बाजूने बसवायचा ते सांगणारी घडीची पत्रिका सोबत होती, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांची. तिने ती जवळ धरली, लांब धरली, मग टीपॉयवर हात फिरवत म्हणाली, "माझी चाळिशी कुठं ठेवली रे?"